वाटेतलं चाक

“आई! हे चाक परत गाडीखाली कसं गेलं?”

घड्याळजी पाणी पिऊन अंगणात आला आणि कमरेवर हात ठेवून उभाच राहिला. मागचं उजवं चाक त्याने सकाळी स्वतःच्या हाताने काढून भिंतीला टेकवलं होतं. आता ते गाडीच्या पोटाखाली आडवं पडलं होतं. हे दुसऱ्यांदा झालं होतं.

“अंगण झाडत होते,” आई म्हणाली. “वाटेत येत होतं, दिलं सरकवून.”

“अगं, पण मघाशीच झाडलंस ना?”

“पानं काय, पडतच असतात.”

घड्याळजीने पुटपुटत चाक ओढून बाहेर काढलं आणि पुन्हा गाडीखाली शिरला. गाडी चौदा वर्षांची होती, पण त्याला ती दोन इंच खाली बसलेली हवी होती. रस्त्याला चिकटून पळणाऱ्या गाड्या पाहिल्यापासून त्याच्या जिवाला चैन नव्हतं. त्यासाठी लागणाऱ्या आखूड स्प्रिंगा मागवून झाल्या. बसवायच्या कोणी, एवढाच प्रश्न उरला होता. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने मजुरीचा आकडा सांगितला, तेव्हा घड्याळजी भर गॅरेजात हसला.

“चार चाकं काढायची, चार स्प्रिंगा बदलायच्या, चाकं परत लावायची. त्याचे एवढे? ही तर शुद्ध लूट आहे.”

गॅरेजवाला वयाने मोठा आणि मितभाषी. फडक्याला हात पुसत तो एवढंच म्हणाला, “पैसे स्प्रिंगांचे नाहीत. तुमच्याऐवजी मी गाडीखाली झोपतो, त्याचे आहेत.”

हे घड्याळजीला चांगलंच झोंबलं. वीस वर्षं डोळ्याला भिंग लावून त्याने घड्याळांत केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या होत्या, आणि त्याला हा शिकवणार? स्प्रिंग ती स्प्रिंग, लहान काय अन् मोठी काय! “मग येत्या रविवारी मीच झोपतो,” असं ऐकवून तो ताडताड निघून आला.

तर रविवार उजाडला होता आणि तो झोपला होता. फरशीवर जॅक, जॅकवर गाडी आणि गाडीखाली घड्याळजी. जॅकच्या जोडीला लोखंडी स्टँड लावायचे असतात, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण तासाभराच्या कामाला कशाला एवढा बडेजाव, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं. खालचा बोल्ट मात्र काही केल्या दाद देईना. पान्याच्या दांड्यावर चढवून जोर लावायला एखादा लांब पाइप मिळतो का, ते बघायला तो घरात गेला. पाइप घेऊन परत आला, तर आई झाडू हातात धरून उभी, आणि चाक पुन्हा आत!

आता मात्र त्याचं डोकं फिरलं. “आई, आज तुला झालंय तरी काय? मला खाली कुशीवर वळायला जागा उरत नाही!”

तो चाकाला हात घालणार, तोच आईने त्याचं मनगट धरलं. अडुसष्टाव्या वर्षी, दुखऱ्या कमरेने तिने ते धूड सकाळपासून तीनदा ढकललं होतं. तिला धाप लागली होती.

“राहू दे ना रे. आईचं एक तरी ऐक.”

तिचा आवाज काही तरी वेगळाच होता. घड्याळजीने वाद घातला नाही. वय झालं की माणसं हट्टी होतात, असं मनाशी म्हणत त्याने चाक तिथेच राहू दिलं आणि अंग चोरून तो आत सरकला.

पाइप पान्यावर चढवून त्याने सगळं बळ एकवटून हिसका दिला. बोल्ट जागचा हलला नाही. गाडी हलली, आणि जॅक फरशीवरून घसरला.

गाडी धाडकन खाली आली. ओरडायलाही वेळ मिळाला नाही. कानाशी रबर करकरलं आणि सगळं थांबलं. घड्याळजीने डोळे उघडले, तर गाडीचं पोट त्याच्या नाकापासून चार बोटांवर होतं. त्या बाजूचा सगळा भार आडव्या चाकाने पेलला होता.

तो कसाबसा सरपटत बाहेर आला. हातपाय चाचपून पाहिले, सगळे जागच्या जागी होते. आई तोंडावर हात दाबून पायरीवर बसली होती. घड्याळजी तिच्यापाशी गेला आणि चाळिशी उलटलेला तो बाप्या तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला.

“तुझ्यामुळे वाचलो गं, आई,” तो म्हणाला. “मी तुझ्यावरच खेकसलो. पण तुला हे सुचलं कसं?”

“मला कसलं सुचतंय?” त्याच्या केसांतून हात फिरवत आई म्हणाली. “मला गाडीतलं काय कळतं?”

तेवढ्यात घरात फोन वाजला. ती उठू लागली. घड्याळजीने तिला तिथेच बसवलं आणि स्वतः जाऊन फोन उचलला. त्याने ‘हॅलो’ म्हणायच्या आतच पलीकडून सुरुवात झाली.

“काकू, मी गॅरेजमधून,” पलीकडचा आवाज घाईघाईने म्हणाला. “चाक आत आहे ना? त्याने काढलं तर पुन्हा सरकवा, कितीदाही. माझं नाव मात्र सांगू नका हं. मी सांगितलंय म्हटल्यावर मुद्दाम काढेल तो.”

घड्याळजीने दारातून पायरीवर बसलेल्या आईकडे पाहिलं.

“आहे, दादा,” तो म्हणाला. “चाक आतच आहे.”