तिसरा बाक

स्वाइन फ्लूमुळे कामतघर भागातली शाळा आठवडाभर बंद होती. शिपाई ठमाबाई मात्र रोज येऊन सगळे बाक फिनेलनं पुसायची.

शेजारच्या कापड विणणाऱ्या लूममधून कापसाची पांढरी धूळ यायची आणि तासाभरात बाकांवर बसायची. फक्त एका वर्गातल्या तिसऱ्या बाकावर एका मुलापुरती जागा स्वच्छ राहायची.

रामनाथ सरांनी ती जागा पाहिली आणि नाकावरचा रुमाल घट्ट धरला. "ठमाबाई, या वर्गाला कुलूप लावा."

"का म्हनून? सोमवारी पोरं हितंच बसनार हायेत." ती थेट त्या बाकासमोर जाऊन उभी राहिली. "शाला बंद हाय, समजत न्हाय? ऊठ, घरी जा!"

दुसऱ्या दिवशी तिसरा बाकही इतरांसारखाच पांढरा झाला होता. ठमाबाईनं तो जरा जास्तच जोरात पुसला.

संध्याकाळी तिनं चाळीतल्या आपल्या खोलीचं कुलूप काढलं. ती एकटीच राहायची. लूमची धूळ इथंही यायची, फरशी पांढरी झाली होती.

फक्त स्टोव्हशेजारी एका मुलापुरती जागा स्वच्छ होती.

ठमाबाईनं पदर खोचला.

"आलंस तं आलंस. पयले हात धू."

मोरीतला नळ सुरू झाला.