पाच अँपिअरचं मीटर

धाकट्याने तांब्याची जाड तार घासून चकचकीत केली आणि मीटरच्या दोन बोल्टांमध्ये आडवी बसवली. मीटर स्वस्तातलं होतं. पाच अँपिअरच्या पुढे काटा जाणारच नाही असं. बॅटऱ्या चार्ज करायच्या दुकानात त्याचा उपयोग शून्य. पण बहुतेक करंट या तारेवरून परस्पर गेला आणि दहावाच हिस्सा मीटरमधून गेला, तर तेच मीटर पन्नासपर्यंत मोजणार होतं. जुनं मीटर परवा थोरल्याने भिंतीवर आपटून फोडलं होतं. खरं तर त्याने ते धाकट्याच्या डोक्यावर फेकलं होतं. भिंत मागे होती.

त्याने हेडलाइटचे चार बल्ब जोडले. एकेक पाच अँपिअर खाणारा, मिळून वीस. काटा दोनवर यायला हवा होता, तो दीडच्याही अलीकडेच थांबला. त्याने नट सैल केला, बोल्टांमधली तार बोटभर वाढवली, पुन्हा आवळला. चौथ्या खेपेला काटा बरोबर दोनवर येऊन उभा राहिला. मग त्याने काच काढली आणि बारीक पेनने प्रत्येक आकड्यापुढे एकेक शून्य काढलं.

सकाळपासून ट्रकची एक बॅटरी अंदाजानेच चार्जिंगला लावलेली होती. चार्जर बंद करून त्याने मीटर चार्जर आणि बॅटरीच्या मध्ये जोडलं आणि बटण दाबलं. काटा सरळ चाळीसवर गेला. बॅटरीतून फसफस ऐकू येत होती. तो करंट कमी करायला हात पुढे करणार, तेवढ्यात थोरला आत आला.

कालची एक बॅटरी फुगली होती आणि तिच्या मालकाने थोरल्याला चार माणसांत वाट्टेल ते ऐकवलं होतं. हे त्याने सांगितलं ते आधी हाताने. धाकट्याचं डोकं टेबलाच्या कडेवर आदळलं. भुवई फाटली.

"ही पण उकळतेय, दादा," धाकटा रक्त पुसत म्हणाला. "चाळीस जातोय. कमी कर."

"कोण सांगतं?"

धाकट्याने मीटरकडे बोट दाखवलं. थोरल्याने ती तार पाहिली, पेनाने काढलेली शून्यं पाहिली आणि हसला. मग त्याने धाकट्याच्या पोटात लाथ घातली. तो खाली पडल्यावर बरगडीत आणखी दोन. तेवढ्याने भागेना, म्हणून मारायला काहीतरी हवं होतं. चार्जरची जाड केबल हाताशी होती. थोरल्याने ती हिसकली. चालू करंटवर चिमटा बॅटरीवरून सुटला, ठिणगी पडली, उकळत्या बॅटरीतून सुटलेला वायू पेटला आणि बॅटरी बॉम्बसारखी फुटली.

खाली पडलेल्या धाकट्याला जवळजवळ काहीच लागलं नाही. थोरला उभा होता. सगळं ॲसिड त्याच्या तोंडावर आलं.

तो ओरडत भिंतीवर आदळला. धाकट्याने त्याची मान मागून धरली, दाराबाहेर फरफटत नेलं आणि नळाखाली दाबलं. थोरला आंधळेपणाने हात चालवत होता. एक ठोसा धाकट्याच्या ओठावर बसला, दात हलला. धाकट्याने गुडघा त्याच्या पाठीत रोवला, केस मुठीत धरून तोंड वर फिरवलं आणि नळ पूर्ण सोडला. थोरल्याच्या नाकातोंडात पाणी गेलं. तो गुदमरला, ढासला. धाकट्याने पकड सोडली नाही.

शेजारचा टायरवाला धावत आला. त्याला दिसलं ते एवढंच, की रक्ताने माखलेला धाकटा भावाला नळाखाली गुदमरवून मारतोय. त्याने हातातली लोखंडी टॉमी धाकट्याच्या खांद्यावर हाणली. आणखी दोघे आले. कोणी गळा आवळला, कोणी हात पिरगळला. धाकट्याला बोलायला श्वास नव्हता. डावा हात निकामी झाला होता. उजव्याने त्याने केस धरून ठेवले होते.

तिघांच्या ओढाताणीत थोरल्याचं डोकं क्षणभर धारेबाहेर आलं. डोळे घट्ट मिटलेले, गाल सोलवटलेला.

"सोडा त्याला," तो म्हणाला. "मारू दे. माझंच चुकलंय."

टायरवाल्याचे हात ढिले पडले. धाकट्याने अंगठ्याने भावाची पापणी वर उचलली आणि उघडा डोळा धारेखाली धरला.