आर्डवार्कचा भाऊबंद

“मुंग्या खाणाऱ्या आर्डवार्कला भाऊबंद नाहीत म्हणणाऱ्या जगाला मी त्याचा मादागास्करमधला नामशेष भाऊ शोधून दिला!” निवृत्त प्राणिशास्त्रज्ञ केळुसकर सर गरजले आणि साखरेतल्या मुंग्या निवडू लागले.

“सर, त्या हाडांमधली प्रथिनं मी तपासली,” त्यांचा लाडका विद्यार्थी उन्मेष हळूच म्हणाला. “तो प्राणी आर्डवार्कच्या कुळातला नाही. माझा शोधनिबंध छापूनही आला.”

“अरे, खोदणाऱ्या पायांची ठेवण हुबेहूब तीच आहे!”

“खोदणं तेच, सर. नातं नाही.”

सरांचा हात साखरेतच थांबला. हयातभराचं काम या पोरानं चहा निवायच्या आत पुरून टाकलं होतं. दगडातून हाड न दुखावता सोडवायला त्याला त्यांनीच शिकवलं होतं, आणि अगदी आपल्यासारखंच खोदतो म्हणून ‘हा माझा मुलगाच’ असं गावभर मिरवलंही होतं. म्हणजे चूक एकदाच झालेली नव्हती.

“मनाला लावून घेऊ नका,” उन्मेष पिशवीतून कागद काढत म्हणाला. “या शोधावर माझी बढती ठरणार आहे. शिफारसपत्र तुमच्या नावानं मीच लिहून आणलंय. खाली तेवढी सही कराल?”