जात की मालक

‘आई, तू नुसतं बसायचं. कुणी काय बी विचारू दे, तोंड उघडायचं न्हाय.’

जिना उतरताना बापूसाहेबानं बजावलेलं केराबाईच्या कानात अजून होतं. म्हणून ती पार्किंगमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीत ओठ मिटून बसली होती. एरवीही तिचं बोलणं बेताचंच. पहाटे अंघोळ, मग महादेवाचं दर्शन, मगच पाण्याचा घोट, हा तिचा नेम. कुणाला उणा शब्द बोलायचा नाही, हाही एक नेमच.

जुळे सोलापुरातल्या त्या अपार्टमेंटची सगळी बिऱ्हाडं आज एकाच प्रश्नाभोवती गोळा झाली होती. कुत्र्याची जात वाईट, की मालक? निमित्त होतं टायसन, म्हणजे तिच्या लेकाचा, बापूसाहेबाचा, रॉटवायलर. त्याच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागला होता. टायसनच्या गळ्यात साखळी, बापूसाहेबाच्या गळ्यात साखळी आणि दोघांच्याही डोळ्यांवर गॉगल. परवा हाच टायसन जिन्यात बजाबाईच्या उजव्या हाताला कडाडून चावला. बजाबाई पहाटे कडक भाकरी थापून दुकानाला द्यायची, उरलेल्या घरोघर पोचवायची. आता हाताला पट्टी गुंडाळून ती लाइटच्या मीटरांखाली उभी होती. तिला खुर्ची द्यायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

‘या जातीवरच बंदी घाला,’ सेक्रेटरी चन्नवीर सर म्हणाले. ‘रक्तातच असतं हे त्यांच्या.’

‘रक्ताचं काय सांगता सर?’ तळमजल्यावरचा शहाजी म्हणाला. ‘तुमचा पामेरियन गेल्या गड्ड्याच्या जत्रेच्या टायमाला माझ्या पोटरीला लटकला होता की!’

‘तो चावत नाही हो. लाडात येतो.’

‘त्याच्या लाडापायी इंजेक्शनं घेतली मी!’

कुणीतरी मोबाइलमध्ये बघून धोकादायक जातींची नावं वाचायला लागलं. नावं कुणालाच नीट म्हणता येईनात. तेव्हा दिसायला उग्र ती सगळी जात धोक्याची, असं धरून चालायचं ठरलं. गेटपाशी पसरलेलं काळं गावठी कुत्रंही त्यात बसलं. ते झोपेत होतं, म्हणून त्याचा विरोध नोंदवला गेला नाही.

मग बापूसाहेब उठला.

‘जात वाईट नसती!’ त्याचा आवाज पार्किंगभर घुमला. ‘मालक जसा, तसं कुत्रं. मुक्या जनावराला काय कळतं? शिक्षा करायची तर मालकाला करा. दवाखाना मालकानं बघायचा. बुडालेलं काम मालकानं भरून द्यायचं. लिहून घ्या सर!’

टाळ्या पडल्या. चन्नवीर सरांनाही पटलं. ठराव एकमतानं झाला. मग सर चष्मा पुसत म्हणाले, ‘तर मग बापूसाहेब, मालक तुम्हीच.’

‘मी?’ बापूसाहेबाला खरंच नवल वाटलं. ‘लायसन आईच्या नावावर हाय.’

तसं बघितलं तर त्या घरातलं सगळंच आईच्या नावावर होतं. बाईच्या नावानं सवलत मिळते म्हणून फ्लॅट, मग ओघानं मीटर, मग गाडी, मग कुत्रं. बापूसाहेबाच्या स्वतःच्या नावावर तेवढा फ्लेक्स होता.

‘आता म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचं?’ शेजारच्या वैजयंतीबाई म्हणाल्या. सगळ्यांना एकदम हलकं वाटलं. मालक सापडला होता आणि त्याला काही म्हणावं लागणार नव्हतं. तेवढ्यात चहा आला.

‘मग माज्या भाकरीचं काय?’ बजाबाईनं विचारलं. ‘हात बरा हुईस्तवर दुकानदार थांबंल व्हय? दुसरी बाई बघंल की त्यो.’

सगळ्यांनी चहावर फुंकर घालायला सुरुवात केली.

केराबाई उठली. तिनं आपली खुर्ची उचलून बजाबाईपाशी नेऊन ठेवली.

‘कुत्र्यानं ऐकलं, दुसरं काय न्हाय,’ ती हळूच म्हणाली. ‘मी सैपाकघरात हुते. बापूनं गमतीनं छू म्हटलं. त्ये धावलं.’

‘आई!’

‘थांब जरा. कुत्र्याला वळण लावलं न्हाय त्यो तू. तुला वळण लावलं न्हाय ती मी. म्हंजी तू बोललास त्ये खरंच हाय की. मालक मीच.’ मग ती बजाबाईकडे वळली. ‘उद्यापासनं तुज्या भाकरी मी थापते. हात बरा हुईस्तवर.’

हे ठरावात कुठं बसवायचं ते चन्नवीर सरांना कळेना. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

पहाटे अंघोळ करून केराबाईनं पदर खोचला. देवळाची वाट उजवीकडे, बजाबाईची गल्ली डावीकडे. दुकान उघडायच्या आत भाकरी कडक व्हायला हव्या होत्या. महादेवाला आज दुपार चालणार होती. घसा कोरडा राहील, तर राहू दे.

टायसन दाराशी उठून उभा राहिला.

‘बस,’ ती म्हणाली. तो बसला.

आत सोफ्यावर बापूसाहेब भिंतीकडे तोंड करून पडला होता. जागा होता.

‘ऊठ,’ ती त्याच आवाजात म्हणाली. ‘पीठ मळायला माणूस लागंल.’

तो हलला नाही. केराबाईनं दार ओढून घेतलं आणि ती जिना उतरू लागली. गेटपाशी पोचते तोवर मागं वर दार उघडल्याचा आवाज आला. तिनं वळून पाहिलं नाही. जिन्यावरची पावलं दोनच पायांची आहेत, एवढं तिनं ऐकून घेतलं आणि ती डावीकडे वळली.