काचेवरचं कुंकू

मुलाखतीला प्रमाणपत्र ओरिजिनल आणा म्हणाले होते, म्हणून मी भिंतीवरची फ्रेमच उचलून नेली. खंडेनवमीला आईने माझ्या पान्यांबरोबर त्या प्रमाणपत्रालाही कुंकू लावलं होतं.

"अप्रेंटिसशिप केलीस, पण येतं काय तुला?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं.

"फिटरचं सगळं काम, सर. याच कारखान्यात शिकले."

"कागदावरून ते कसं कळणार? कोणीही सही ठोकून देतं."

"सही तुमचीच आहे, सर."

त्यांनी काचेवरचं कुंकू अंगठ्याने खरवडलं. खाली त्यांचंच नाव होतं. मला वाटलं, झालं काम.

"अगं, दरवर्षी ढीगभर सह्या करतो मी. वाचत कोण बसतं?" ते हसले. "तू बाहेरून कुठूनतरी अनुभव घेऊन ये."

आणि त्यांनी अंगठा टिश्यूला पुसला.