दोरीवरची नोट

१९५३ साल. बागबाजारातल्या घरी सुनीतीला बघायला पाहुणे आले होते, आणि मुलगा, श्यामकांत, तिला बघताक्षणीच आवडला होता. पोहे झाल्यावर मुलाच्या आईने कुंकू लावून तिच्या हातावर पाचाची नोट ठेवली. जंतुशास्त्र शिकणाऱ्या सुनीतीने सवयीने ती चिमटीत धरून मोरीवर नेली, साबणाने धुतली आणि दोरीवर वाळत घातली.

"अगं, हे काय केलंस?" आईने कपाळाला हात लावला.

"आई, मासळीबाजारातून फिरून आलेली नोट. लाखो जंतू असतात तिच्यावर!"

"म्हणजे आम्ही घाणेरडे? चल रे श्यामकांत!" पाहुण्या बाई उठल्याच.

श्यामकांतही उठला, पण थेट मोरीवर गेला आणि त्याने पाकीट रिकामं केलं. "याही धुऊन द्याल?"

नोटा वाळेपर्यंत पाहुण्यांना थांबणं भाग होतं. तेवढ्यात सुपारी फुटली.

सुनीती पुढे प्राध्यापक झाली. श्यामकांत जन्मभर नोटा वाळत घालत राहिला.

आणि सासूबाईंनी धाकट्या लेकासाठी बघितलेली चांगली मुलगी नाकारली, "नोट तशीच कमरेला खोचली हो तिने!"