उकळलेलं एन्झाइम

बाळंतपणाची रजा संपवून वैजयंती प्रयोगशाळेत परतली, तर तिची टोमॅटोची रोपं नव्या मदतनीस रुबीनाच्या हाताखाली चांगलीच तरारली होती. "पोरीच्या हाताला गुण आहे हं," सर म्हणाले, आणि वैजयंतीच्या अंगाचा तिळपापड झाला.

प्रयोग तिचा होता. बुरशीचं एन्झाइम पानात टोचलं की झाडाला वाटतं, शत्रू आला. मग झाड तिथल्या आपल्याच पेशी मारतं, तपकिरी डाग पडतो आणि रोगाची वाट अडते. एन्झाइम उकळून निकामी केलं तर डाग पडायला नको. रुबीनाने उकळलेलं एन्झाइम टोचलेल्या रोपांवर तरीही डाग होते.

"उकळायला विसरलीस ना?" वैजयंतीने सरांच्या देखतच विचारलं.

"नाही हो ताई, भाताच्या आधणासारखं खळखळ उकळलं होतं!"

"असं? मग मीच करून बघते."

तिने स्वतः उकळलं, स्वतः टोचलं. घरी बाळाला पाजताना रुबीनाचा पडलेला चेहरा आठवून तिला बरं वाटत राहिलं.

दोन दिवसांनी तिच्याही पानावर डाग उमटला. म्हणजे निकामी एन्झाइमसुद्धा झाड ओळखत होतं, आणि ते आधी दिसलं होतं रुबीनाला. पान खुडून खिशात टाकलं असतं, तर कुणाला कळणार होतं? तिची नखं देठाला लागलीसुद्धा.

"ताई, काय आलं हो?" रुबीना दारातूनच, भीत भीत विचारत होती.

वैजयंतीने हात मागे घेतला.

"ये, बघ. आणि सरांना तूच सांग. माझ्या तोंडून नाही निघायचं ते."